दिवे घाटाच्या फोटोनंतर

सातारा,
श्रावण

चि. सायली,


तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. एवढ्या सगळ्याचं उत्तर फोनवर देणं माझ्या घशाला आणि तुझ्या जेवणाच्या सुट्टीला परवडणारं नाही, म्हणून कागद घेतला. वाचून झालं की आईलाही दाखव. तिच्या भावाला अजून स्वहस्ते चार पानं लिहिता येतात, हे तिला कळू दे.

तू तीन गोष्टी विचारल्यास. दिवे घाटातल्या त्या फोटोला मिळाला तसा प्रतिसाद नंतर एकाही फोटोला का मिळत नाही. सगळे म्हणतात तसं रील्सकडे वळावं का. आणि बँकेतली नोकरी सोडून यातच पडावं का. तिन्हींच्या पोटात एक चौथा प्रश्न आहे, तो तू विचारला नाहीस. तुझा कुठला फोटो चांगला, हे ठरवायचं कोणी?

वर्तमानपत्राच्या फोटो विभागात मी आयुष्य काढलं. तिथे मी फोटो काढले त्याच्या कितीतरी पट निवडले आणि निवडले त्याच्या कितीतरी पट बाजूला टाकले. रोल धुऊन आला की छत्तीसच्या छत्तीस फ्रेम टपालाच्या तिकिटाएवढ्या आकारात एकाच कागदावर छापायच्या. ही कॉन्टॅक्ट शीट. मग डोळ्याला भिंग लावून बसायचं आणि लाल पेन्सिलीने एका चौकटीभोवती खूण करायची. शटर दाबणं हा या कामाचा निम्मा भाग. ती लाल खूण उरलेला निम्मा. पहिला निम्मा तुमच्या पिढीने आमच्यापेक्षा लवकर आणि खरं सांगायचं तर आमच्यापेक्षा बरा आत्मसात केला. प्रकाश कसा वाचायचा हे शिकायला आम्हाला वर्षं लागली, तुम्हाला कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिथल्या तिथे दिसतं. दुसरा निम्मा मात्र तुम्ही परस्पर लोकांच्या अंगठ्यावर सोपवून मोकळे झालात.

तुझा दिवे घाटातला फोटो चांगला आहे. लांब लेन्सने वळणाचा पट्टा दाबून घेतलास, पांढऱ्या टोप्यांची रांग अगदी ओघळल्यासारखी आली आहे, वर ढग आहेत, भगव्या पताका मोजक्या ठिकाणी आहेत. पण लोकांनी त्याला डोक्यावर का घेतलं, याचा विचार कर. ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाताना घाट चढते, हे दृश्य वर्षानुवर्षं वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येत आलं. पुढे उद्धव ठाकरे यांनी हेलिकॉप्टरमधून टिपलेली वारी ‘पहावा विठ्ठल’ या पुस्तकात २०११ साली आली आणि वरून दिसणारी वारी घराघरांत पोचली. त्यानंतर ड्रोन स्वस्त झाले. आता वारी निघाली की तेच वळण हजार हातांनी टिपलं जातं. लोकांनी तुझा फोटो पाहिला असं मला म्हणवत नाही. त्यांनी तो ओळखला. ओळखीच्या चेहऱ्याला आपण रस्त्यात पटकन हात करतो, तसा अंगठा वर गेला.

आता गेल्या वर्षीचा तुझा दुसरा फोटो घे. तेव्हा तू तुकोबांच्या पालखीबरोबर होतीस. काटेवाडीला परीट समाजाची माणसं पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या घालतात, ते टिपायला झाडून सगळे कॅमेरे पुढे धावतात. तू मागे राहिलीस. पालखी निघून गेली आहे, दोन माणसं एका धोतराची टोकं धरून माती झटकताहेत, धोतरावर पावलं उमटली आहेत आणि एक लहान पोर तिसरं टोक पकडायला धावत येतंय. त्याला लाइक किती मिळाले ते तू मेसेजमध्ये हिरमुसून सांगितलंस. मी तो आकडा लक्षात ठेवलेला नाही. माझ्या टेबलावर ही दोन्ही चित्रं आली असती तर दिवे घाट आत सातव्या पानावर गेला असता आणि ही धोतरं पहिल्या पानावर पाच कॉलम लागली असती. वारीत सेवा नावाची जी गोष्ट आहे, ती त्यात आहे; आणि तो फोटो तुझ्याशिवाय कोणाकडेही नाही.

तर ज्याला तू पडता काळ म्हणतेस तो माझ्या हिशेबाने चढता आहे.

इन्स्टाग्रामवर माझा राग आहे असं समजू नकोस. फोटोला एवढी माणसं पाहणारी मिळाली, असं आधी कधी घडलं नव्हतं. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली तेव्हा भाऊ दाजी लाडांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. ज्याच्याकडे पैसा, सवड आणि रसायनं हाताळण्याची हौस आहे, त्याचंच ते काम होतं. आज जालन्यातल्या पोरीने काढलेला फोटो लिस्बनमध्ये कोणीतरी पाहतो. २०१२ मध्ये पीटर डिकॅम्पो आणि ऑस्टिन मेरिल हे दोन पत्रकार आयव्हरी कोस्टमध्ये एका बातमीसाठी गेले होते. आफ्रिका म्हटलं की युद्ध आणि उपासमार, या ठरलेल्या चित्राला कंटाळून त्यांनी फोनवर साधे रोजचे फोटो काढायला सुरुवात केली: लिफ्टमध्ये उभी माणसं, शाळेत निघालेली मुलं. त्यातून ‘एव्हरीडे आफ्रिका’ उभं राहिलं आणि त्या धर्तीवर जगभर किती खाती निघाली! कुठल्याही संपादकाने ते फोटो आधी छापले नसते. मीही छापले असते की नाही, सांगवत नाही.

साचेबंदपणाचं खापरही एकट्या इन्स्टाग्रामवर फोडू नये. ईस्टमनने १८८८ मध्ये कोडॅक कॅमेरा काढला. शंभर फोटोंचा रोल आतच भरलेला, संपला की अख्खा कॅमेरा कारखान्यात पाठवायचा. घराघरांत फोटो निघू लागल्याबरोबर कलावंत म्हणवणारे घाबरले आणि धूसर, चितारल्यासारखे प्रिंट करून आपलं वेगळेपण दाखवू लागले. आमच्या काळातली फोटो क्लबांची सलोनं, म्हणजे स्पर्धेची प्रदर्शनं, घे. धुक्यातली बैलगाडी, सूर्यास्तासमोरची होडी, सुरकुतलेला म्हातारा आणि त्याची चिलीम. कोणाची किती चित्रं किती देशांच्या सलोनांत स्वीकारली गेली याची मोजदाद व्हायची आणि त्या हिशेबावर नावापुढे किताब लागायचे. त्या काळचे लाइकच ते, पोस्टाने येणारे. फरक एवढाच की तेव्हा निकाल यायला महिने लागायचे. मधल्या काळात माणूस निकाल विसरून पुढचं काम करायचा. तुला निकाल दहा मिनिटांत मिळतो. पुढच्या वेळी घाटात उभी असशील तेव्हा तो निकाल तुझ्या आधी तिथे पोचलेला असतो.

ज्या भिंतीवर तू फोटो लावतेस ती कोणाच्या मालकीची आहे तेही नीट पाहून ठेव. २०१० मध्ये इन्स्टाग्राम सुरू झालं तेव्हा फोटो चौकोनीच हवा होता; लोक चौकोनात विचार करायला शिकले. २०१५ मध्ये आडवा आणि उभा चालू लागला. २०१६ मध्ये फोटो वेळेच्या क्रमाने दिसणं गेलं, कोणाला काय दाखवायचं ते यंत्र ठरवू लागलं. २०२० मध्ये टिकटॉकवर आपल्याकडे बंदी आली आणि पाठोपाठ रील्स आली. पुढच्याच वर्षी इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी जाहीरपणे सांगून टाकलं की हे आता फोटो दाखवण्याचं अ‍ॅप राहिलेलं नाही. २०२५ मध्ये प्रोफाइलवरचे चौकोनसुद्धा उभे झाले; ज्यांनी वर्षानुवर्षं चौकोन जुळवून ग्रिड सजवली होती, त्यांच्या फोटोंच्या कडा एका सकाळी कापल्या गेल्या. यात कोणाचा कट नाही. त्यांचा धंदा लोकांना पडद्यासमोर बसवण्याचा आहे, तो ते करताहेत. आपण आपली दृष्टी त्यांच्या मापाने बेतायची का, एवढंच आपल्या हातात.

तू बेतते आहेस, म्हणून हे लिहितो. यंदाचे तुझे जवळजवळ सगळे फोटो चारास पाच उभे आहेत. आडव्या फ्रेममधून तेवढं उभं कापलंस की जवळजवळ निम्मं चित्र गेलं. तुझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे २ कोटी ४० लाख बिंदू. फीडवर पोचतात १०८० गुणिले १३५०, साडेचौदा लाखांच्या आसपास. नीट छापायला गेलीस तर साडेतीन इंच रुंद आणि साडेचार इंच उंच. तेवढ्या आकारात काय उठून दिसतं? एकच मोठा आकार, भडक रंग, मधोमध चेहरा. धोतर झटकणारी माणसं फोनवर दिसत नाहीत गं. त्या चित्रात पाहण्यासारखी पाच ठिकाणं आहेत, डोळ्याला तिथे फिरायला जागा लागते. मला तो फोटो तू मूळ फाइल पाठवलीस तेव्हा कळला. आणि तो केशरी-निळा प्रीसेट काढून टाक, पाया पडतो. आषाढातला उजेड करडा असतो. त्याची लाज वाटायचं कारण नाही.

निवडीचं म्हणशील तर रॉबर्ट फ्रँकचं काम समोर ठेव. १९५५ ते १९५७ या काळात त्याने गाडीतून अमेरिका पालथी घातली आणि अठ्ठावीस हजारांच्या घरात फ्रेम घेतल्या. पुस्तकात गेले ८३. मधल्या काळात हजारभर साधे प्रिंट काढून त्याने घराच्या भिंतींवर टाचले, जमिनीवर पसरले, त्यांच्यात राहिला, एकेक उतरवत गेला. ‘द अमेरिकन्स’ १९५९ मध्ये अमेरिकेत निघालं तेव्हा तिथल्या फोटो मासिकवाल्यांनी त्याला झोडपून काढलं: फ्रेम तिरक्या, दाणेदार, देशाची बदनामी करणाऱ्या. मतं मागवून निवड केली असती तर त्यातले निम्मे फोटो पहिल्या फेरीतच बाद झाले असते. आज ते पुस्तक वगळून विसाव्या शतकातल्या फोटोग्राफीबद्दल कोणाला बोलता येत नाही.

आणि उलट बाजूला व्हिव्हियन मायर. शिकागोत लोकांची मुलं सांभाळायची आणि फिरताना फोटो काढायची. लाखावर निगेटिव्ह, पण दाखवले जवळजवळ कोणालाच नाहीत. कित्येक रोल तर धुतलेही नव्हते. २००७ मध्ये भाडं थकल्यामुळे तिचं सामान लिलावात गेलं, एका तरुणाने निगेटिव्हची पेटी घेतली आणि २००९ मध्ये त्यातले फोटो फ्लिकरवर टाकले. जग वेडं झालं. ती त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारली होती. सोशल मीडियाने एका थोर फोटोग्राफरला उजेडात आणलं याचं हे बहुधा सगळ्यात मोठं उदाहरण असेल, आणि मी ते मनापासून मान्य करतो. पण आज आपण जिला मायर म्हणून ओळखतो ती इतरांनी निवडलेली आहे. तिने स्वतः कुठल्या फ्रेमभोवती लाल खूण केली असती, ते आता कळायचं नाही. ती नव्हती, म्हणून लोकांनी निवडलं. तू आहेस.

निवडण्यात न दाखवणंही येतं. वारीत पहाटे टँकरच्या नळाखाली, नदीच्या काठावर बायका अंघोळ करतात. त्यांना दुसरी सोय नसते. दरवर्षी त्यांचे फोटो ‘श्रद्धा’ वगैरे शब्द जोडून फिरतात. आमच्या डेस्कवर ते सरळ टोपलीत जायचे. तुझ्या खात्यावर तसला एक आहे. पाठमोरा असला तरी आज काढून टाक. बाकीच्यांना विचारायला फार लागत नाही. ‘माउली, फोटो घेऊ का?’ एवढं म्हटलं की पुरतं, आणि नाही म्हणाली तर कॅमेरा खाली. विचारल्यावर चेहरा सावध होतो हे खरं. तर मग पाच मिनिटं तिच्या सोबत चालायचं. तेवढ्या वेळात तो पुन्हा मोकळा होतो.

भंडारदऱ्याच्या काजव्यांचीही तीच गोष्ट. झाडं पेटल्यासारखी दिसतात ते फोटो एका क्षणाचे नसतात. वीस-तीस सेकंदांचे पुष्कळ एक्सपोजर एकावर एक रचून ते बनतात. तंत्र म्हणून माझा आक्षेप नाही, पण खाली ओळभर तसं लिहायला काय जातं? पाहणारा तो फोटो खरा धरून मेअखेरीस गाडी काढतो, तिथे त्याला चमचमणारे बारीक ठिपके दिसतात, मग तो बॅटरी मारतो, हेडलाइट लावतो. नर चमकतो तो मादीला खूण द्यायला. त्या उजेडात खूण बुजून जाते. त्यांच्या अळ्या मातीत, पालापाचोळ्यात वाढतात, त्यावर गर्दीचे पाय पडतात. वनखात्याला शेवटी नियम घालावे लागले. तू पुढच्या वर्षी जाणार आहेस असं म्हणालीस. जा, पण ठिकाण टाकू नकोस.

आता करायचं काय ते सांगतो. गेल्या चार-पाच वाऱ्यांचे सगळे फोटो एकत्र काढ, पोस्ट केलेले आणि न केलेले. त्यातले शंभरेक चार बाय सहाचे साधे प्रिंट करून आण. कोपऱ्यावरच्या डिजिटल लॅबमध्ये होतात, फार पैसे पडत नाहीत. मागे काही लिहू नकोस. तुझ्या खोलीची ती मोठी भिंत मोकळी कर आणि टाच. महिनाभर जाता-येता पाहा. जो रोज पाहून कंटाळा येईल तो उतरव. दिवे घाट किती दिवस टिकतो ते मला कळव, मला उत्सुकता आहे. शेवटी वीसेक उरले की त्यांचा क्रम लाव. कुठल्या चित्राशेजारी कुठलं बसलं की दोघं बोलू लागतात, हे शिकायला फीड उपयोगाचं नाही, तिथे तुझ्या फोटोशेजारी कोणाचा तरी पिझ्झा येतो. दयानिता सिंग यांचं काम पाहा. त्यांनी लाकडी चौकटींची अशी संग्रहालयं केली की आतल्या फोटोंचा क्रम हवा तेव्हा बदलता येतो. सुधारक ओलवे यांचे मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटोही पाहा. त्याच त्या माणसांकडे वर्षानुवर्षं परत गेल्याशिवाय तसे फोटो येत नाहीत.

तोवर पोस्ट करणं बंद कर असं मी म्हणत नाही. फक्त वारीतून आल्याच्या रात्री टाकू नकोस, दोन महिने थांब. आणि लाइकचा आकडा लपवायची सोय त्या अ‍ॅपमध्ये २०२१ पासून आहे, ती चालू कर.

रील्सचं उत्तर छोटं आहे. जी गोष्ट हलल्याशिवाय कळत नाही तिचा व्हिडिओ कर. रिंगणात माउलींचा अश्व धावतो ते अवश्य व्हिडिओत घे. पण दौड संपल्यावर लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात, तिथे फोटोच हवा. अकरा फोटो सरकवत मागे चालू गाणं लावायचं, तो प्रकार मात्र मला पाठवू नकोस.

नोकरी सोडू नकोस. पूर्ण वेळ या धंद्यात पडणारी पोरं पोट कशावर भरतात ते मी पाहिलं आहे: लग्नं, प्री-वेडिंग, हॉटेलांच्या मेनूतल्या थाळ्या. कष्टाचं, मानाचं काम आहे, पण तिथे निवड गिऱ्हाइकाची. कायद्यानेही, वेगळा करार नसेल तर, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक गिऱ्हाईकच. बँकेच्या पगारावर तू काढलेली धोतरं मात्र संपूर्ण तुझी. आषाढात पंधरा दिवस रजा देणारा साहेब आहे, तोवर त्याला जप.

काटेवाडीच्या त्या दोन माणसांना मोठा प्रिंट देऊन ये. पत्ता नसेल तर पुढच्या वर्षी घेऊन जा, गावात विचारलंस तर कोणीही दाखवेल.

आईला नमस्कार, बाबांना गुडघ्याचं विचारल्याचं सांग.

तुझा,
मामा

ता. क. मूळ फाइली फक्त लॅपटॉपवर आहेत असं तू बोलताना ओघात म्हणालीस. दोन हार्ड डिस्क घे, एक तुझ्याकडे, एक साताऱ्याला. पैसे मी पाठवतो, पण या आठवड्यात घे.